आजोबांची .३१५ आणि आत अडकणारी पुंगळी

नवा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) ओढून काढणारं बोल्टचं नख, इतक्यात शोधू नका. आजोबांची .३१५ रायफल, पंधरा-वीस वर्षं कपाटात पडून, रेंजवर पाच गोळ्या मारल्या, तिसरीपासून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडेना आणि शेवटी बोल्ट मागे आला पण पुंगळी आतच राहिली, असं तुम्ही सांगताय. नख रिमवरून, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेवरून, सुटलं हे खरं. पण ते का सुटलं ते आधी बघू. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. ‘एक्स्ट्रॅक्टर गेलाय’ म्हणून आलेल्या रायफलींपैकी बहुतेकींचा एक्स्ट्रॅक्टर ठणठणीत असायचा आणि दुखणं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, असायचं.

तुमची रायफल ली-एनफिल्डच्या घराण्यातली. काडतूस मात्र मूळचं ऑस्ट्रियाचं, ८×५० रिमवालं, फौजेच्या .३०३ काडतुसांची चोरी नको म्हणून इंग्रजांनी नागरी वापराला असली वेगळी बोअर (नळीचं माप) चालवली. ह्या अॅक्शनची (बोल्टच्या यंत्रणेची) एक गंमत अशी की फायरिंग पिनची स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना. माउझर ९८ ह्या जर्मन रायफलीत ती हँडल उचलताना ताणली जाते, त्यामुळे तिथे उचलताना थोडा जोर लागणारच. तुमच्या रायफलीत मात्र गोळी सुटल्यावर हँडल उचलायला जो जोर लागतो, तो जवळजवळ सगळा पुंगळी सोडवण्याचा. म्हणून हँडल उचलतानाच जड जातं, की उचललं जातं पण मागे ओढताना अडतं, हे नीट आठवा. उचलतानाच हातोडीची आठवण येत असेल तर काडतूसही संशयात घ्या. उन्हात गाडीत तापलेला किंवा वर्षानुवर्षं ओलीत पडलेला माल असेल तर तो बाजूला ठेवा.

एक सोपी परीक्षा. पुढच्या वेळी रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून, न उडवलेलं काडतूस भरा आणि तसंच बाहेर काढा. ते लोण्यासारखं निघालं आणि उडवलेलं मात्र निघेना, तर नखाला दोष देऊ नका. घरी हा प्रयोग नको.

आता त्या पाच पुंगळ्या उजेडात धरा. बार उडतो तेव्हा पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि दाब उतरला की जरासं आक्रसतं. म्हणजे पुंगळी हा तुमच्या चेंबरचा ठसाच. अंगावर पुरळासारखे बारीक उंचवटे दिसले तर चेंबरला गंजाचे खड्डे पडलेत आणि पितळ त्यात रुतून बसतंय. उभे ओरखडे म्हणजे कचरा किंवा एखादी कडा उठलेली. रिमच्या थोडं वर सगळीकडून चकचकीत गोल रेघ दिसली, तर गोळीबार तिथेच थांबवा. पुंगळी तिथून तुटायच्या बेतात आहे, हेडस्पेस (बंद बोल्टसमोर काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा) तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खड्डे कुठून येतात? जुन्या काडतुसांच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे मिठासारखा क्षार राहतो आणि तो हवेतली ओल ओढतो. तेल मारून हा क्षार जात नाही, पाणीच लागतं. म्हणून इंग्रज फौजेत नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं द्यायचे. आजोबांनी तेल भरपूर पाजलं असेल, पण कोकणातल्या चार पावसाळ्यांत तेलाखालचा क्षार आपलं काम करून जातो.

म्हणून आधी सफाई. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही बघा, मग बोल्ट काढा. पुलथ्रू (सफाईची दोरी) आणि चिंदी नळीतून फिरते, चेंबर नळीपेक्षा रुंद असल्यामुळे तिथला थर तसाच राहतो. चेंबरच्या मापाचा ब्रॉन्झचा ब्रश हवा. सॉल्व्हंट लावून रात्रभर राहू द्या, सकाळी घासा, पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत पुन्हा तेच. साठवताना तेलाचा हात चालेल, पण फायर करण्याआधी चेंबर कोरडं ठणठणीत करा. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ह्या अॅक्शनचे लग (बोल्टला जागी अडकवणारे कान) मागच्या बाजूला असतात, तिला तो धक्का मानवत नाही.

एवढं करूनही नख सुटलं तर मग त्याच्याकडे वळा. बोल्ट हेडमधल्या नखाच्या खाचेत पितळाचा भुगा आणि वाळलेलं तेल दाबून बसतं, नख पूर्ण आत येत नाही. ते टोकदार काडीने काढा. काढलेल्या बोल्टच्या नखाखाली रिकामी पुंगळी अडकवून बघा, लगेच गळून पडली तर नखाची स्प्रिंग मेली किंवा नखाची धार गोल झाली. दोन्ही भाग छोटे, बदलता येतात. बोल्ट हेड मात्र दुसऱ्या रायफलीचं काढून लावू नका, त्याने हेडस्पेस बदलतो.

माझ्या ओळखीतल्या एकाने अशीच रायफल कुणा मिस्त्रीला दिली. त्याने नखाला कानस मारली, मग ड्रिलला पॉलिशपेपर लावून चेंबर ‘गुळगुळीत’ केलं. चेंबर लंबगोल झालं. आता ती रायफल भिंतीवरच शोभते. खड्डे खोल असतील तर परवाना असलेल्या गनस्मिथकडेच जा. १९५९च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीचा धंदाही परवान्याचाच आहे. पावती जपून ठेवा.

पुंगळी पुन्हा आत अडकली तर ती उडालेलीच आहे ही खात्री करून पुढून लाकडी किंवा पितळी रॉडने हलकेच ठोका. जिवंत काडतूस अडकलं असेल तर रॉड घालायचाच नाही.

शिकारीची रायफल म्हणून तिचे दिवस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि नंतर १९९१च्या दुरुस्तीने संपवलेच, रेंजवर तरी ती नीट चालू दे. पुंगळीवर पुरळ आहे, ओरखडे आहेत की ती गोल रेघ, एवढं बघून कळवा. हेडस्पेसचं पुढचं मग सांगतो.