ब्राह्मणेतर किंवा स्त्री पुरोहिताने लावलेले हिंदू लग्न कायद्याने वैध ठरते का?

होय, पुरोहित कोणत्या जातीचा आहे अथवा स्त्री आहे की पुरुष, यावर हिंदू विवाहाची वैधता अवलंबून नसते. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 मध्ये वर किंवा वधू यांपैकी एका पक्षाच्या रूढीतले विधी व्हावेत एवढेच म्हटले आहे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. पौरोहित्य कोणी करावे याविषयी त्या कलमात अवाक्षर नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही: 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजींशिवाय लग्ने लावली, आणि पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवणारे वर्ग गेली काही दशके सुरू आहेत. देवळातल्या पूजेबाबतही, जिथे विशिष्ट संप्रदायाची प्रस्थापित प्रथा आड येत नाही तिथे, विधी जाणणाऱ्या ब्राह्मणेतराची नेमणूक वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये केरळच्या एका प्रकरणात मान्य केले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विधी मुळीच न करता केवळ नोंदणीचा दाखला मिळवला, तर या कायद्याखाली तो विवाह ठरत नाही, असे त्याच न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे विधींची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि नोंदणीच्या अर्जावर पुरोहितांची सही त्याच दिवशी घ्यावी (मांडव उतरल्यावर त्यांना शोधत फिरण्यापेक्षा ते सोपे). घरातील वडीलधाऱ्यांची संमती हा वेगळा विषय आहे, त्याला कलम नाही.