‘सावळी आहे, पण हुशार आहे’

‘मुलगी इंजिनिअर झाली, पगार आणते, तरी आरशापुढे रडते. एवढं शिकवून काय उपयोग?’ हा प्रश्न इतक्या आया विचारतात, की उत्तर एकदा नीट लिहायलाच हवं. पुढची मुलगी माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या अनेकींची मिळून एक केली आहे.

वय तेवीस. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं क्रीम आठ महिने रोज लावत होती. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून सोडवत नाही. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात. एकदम बंद केलं तर जळजळ आणि पुरळ उसळतं. म्हणून आधी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चेहरा जळत असताना स्वतःच्या मोलाचा विचार शांतपणे होत नाही.

नंतर तिला एक जुनी जाहिरात सांगितली. मुलगा नाही म्हणून हळहळणारे वडील. मुलगी फेअर अँड लव्हली लावते आणि हवाई सुंदरी होते. महिला संघटनांच्या तक्रारींनंतर ती २००३च्या सुमारास बंद झाली.

‘क्रीम लावण्याआधी तिचं शिक्षण किती असेल?’

‘बी.ए. वगैरे.’

‘आणि नंतर?’

‘तेवढंच.’ ती थांबली. ‘म्हणजे शिक्षण नुसतं पडून होतं, मॅडम. रंगाने त्याला किंमत आली.’

‘असं घरी कोण बोलतं?’

बराच वेळ गेला. ‘आत्या. सावळी आहे, पण हुशार आहे, म्हणते.’

त्या ‘पण’वर आम्ही दोन भेटी काढल्या. त्या ‘पण’ने शिक्षणालाच भरपाई करून टाकलं होतं: रंगाची तूट मार्कांनी भरायची. म्हणून ९१ टक्के मिळूनही खातं शून्यावरच. ‘तू हुशार आहेस, तेवढं पुरे’ असं मी मुद्दाम म्हटलं नाही. उद्या बढती हुकली, की त्या हुशारीबरोबर मोलही जाणार. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मला पुरेपूर पटतं: कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला नाही. जाहिरात रंगावरून आणि शाळा टक्क्यांवरून नेमकं तेच करते.

तिला सात दिवसांची वही दिली. फोनवरची प्रत्येक सौंदर्याची जाहिरात तीन रकान्यांत: कोणती उणीव सांगितली, काय मिळेल म्हणाली, वस्तू प्रत्यक्षात काय करते. पहिल्या रकान्यात जाहिरातीचेच शब्द उतरवायचे. मुली तिथे ‘माझी मान काळी’ असं लिहू लागतात आणि वही स्वतःच्या दोषांची यादी होते. सावळ्या रंगामुळे नोकरी-लग्न अडतं असं दाखवायला जाहिरात मानक परिषदेची २०१४पासून मनाई आहे; २०२०मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. तिच्या वहीत उणिवेचं नाव ‘डलनेस’ होतं.

आयांनी ‘पण’ काढावा. ‘सावळी आहे. गणित चांगलं आहे.’ मध्ये पूर्णविराम. तिच्या आईला हे जमायला महिना लागला. मग स्थळांसाठीच्या बायोडाटातली ‘वर्ण : निमगोरा’ ही ओळ आईने स्वतः खोडली.

‘इथे काय लिहू?’

‘काही नको,’ मुलगी म्हणाली. ‘खालची ओळ वर घे.’