टेन्शन कमी केलं तर सोरायसिस बरा होतो का?

‘धाकट्या भावाला सोरायसिस आहे, तो फार टेन्शन घेतो. टेन्शन कमी केलं तर बरा होईल का, की आयुष्यभर औषधं घ्यावी लागतील?’ तुमचा हा प्रश्न वाचून क्षणभर वाटलं, माझ्या ताईनेच नाव बदलून टाकलाय. 13 वर्षं ती मला हेच विचारतेय. विचारतेय कसलं, सांगतेय.

नाही होणार बरा. टेन्शन हे या रोगाचं मूळ नाही. आपलीच प्रतिकारशक्ती नसत्या शत्रूवर चाल करून बसते. टी-पेशी म्हणजे रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी आणि त्यांच्याभोवतीची आयएल-17, आयएल-23, टीएनएफ ही दाह वाढवणारी रसायनं त्वचेच्या मागे घाईचा धोशा लावतात. एरवी त्वचेची पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला महिनाभर लागतो. इथे ती चार-पाच दिवसांत वर येते, तीही अर्धीकच्ची. चट्ट्यांवर साचतात ते चंदेरी खवले म्हणजे हाच माल. कल बऱ्याचदा घराण्यातून आलेला असतो आणि त्यावर एखादी ठिणगी पडते: घशाला स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग, मानसिक आजारावरचं लिथियम किंवा रक्तदाबावरचं बीटा-ब्लॉकरसारखं औषध, दारू, सिगारेट. नुसतं खरचटलं तरी त्या ओरखड्याच्या रेषेवरच नवा चट्टा उगवू शकतो. संसर्गजन्य नाही हे तुम्हाला माहीत असेलच.

आता माझ्या बोटाची गोष्ट, कारण तुमच्या भावाच्या बाबतीत मला भीती आहे ती याचीच.

पहिली नऊ वर्षं चट्टे कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात होते. पूर्ण बाह्यांचे शर्ट, काळे कपडे कपाटातून हद्दपार, एवढ्यावर भागत होतं. मग उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. एखादा सांधा नाही, मुळापासून टोकापर्यंत सगळं बोट फुगून लालसर झालं. सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरवता येईना, तासाभराने हात सैल व्हायचा. ताई म्हणाली, ‘दिवसभर कीबोर्ड बडवतोस आणि टेन्शनने मुठी आवळून झोपतोस, दुसरं काय होणार?’ लाज वाटते सांगायला, पण मला ते पटलं. रात्री झोपताना मुद्दाम बोटं पसरून ठेवायचो. डोळे मिटून श्वास मोजायचो. बोट काही ऐकत नव्हतं. दोन वर्षं अशी गेली.

शेवटी चट्टे वाढले म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या बाईंनी चट्टे नंतर पाहिले, आधी नखं पाहिली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते आणि दोन नखं टोकाकडून सुटत आली होती. मी त्याला बुरशी समजत होतो. मग त्यांनी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?’ इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. एक्स-रेत सांध्याजवळचं हाड कुरतडल्यासारखं दिसलं. सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात. झिजलेलं हाड परत येत नाही. ते बोट आजही पूर्ण मिटत नाही, पेन धरताना बाजूला उभं राहतं. सोरायसिस असलेल्यांपैकी पार 30 टक्क्यांपर्यंत लोकांचे सांधे धरतात, बहुतेकदा त्वचेनंतर काही वर्षांनी. म्हणून घरी गेल्यावर भावाची नखं बघा आणि त्याला तोच प्रश्न विचारा. टेन्शनचं नंतर.

आणि ‘टेन्शन घेतोस म्हणून होतं’ हे वाक्य तेवढं बंद करा. तुम्ही मायेने म्हणता, मान्य. त्याला ऐकू येतं, ‘तूच ओढवून घेतलंस.’ चट्टे वाढले की तो ते लपवायला लागतो, कारण दाखवले की पुन्हा तेच ऐकावं लागतं. मी बोट लपवलं होतं, हे ताईला अजून माहीत नाही.

औषधांचं म्हणाल तर थोड्या चट्ट्यांना स्टेरॉइडचं मलम आणि कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वासारखं मलम, अंगभर पसरलं तर नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ठरावीक अतिनील किरणं, त्याने भागत नसेल किंवा सांधे धरले असतील तर गोळ्या नाहीतर इंजेक्शनं. मी मेथोट्रेक्सेटवर आहे, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या गोळीवर. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून लिहून ठेवायचा. दारू बंद, रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी. बायोलॉजिकल इंजेक्शनांच्या, म्हणजे वर सांगितलेली आयएल-17, टीएनएफसारखी रसायनंच अडवणाऱ्या इंजेक्शनांच्या आधी टीबीची तपासणी करतात, ती टाळू नका. आणि कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा आत काय आहे हे न सांगता एखादी जादूची पूड दिली तर घेऊ नका. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्वचा पटकन लख्ख होते आणि बंद केल्या की रोग दुप्पट जोराने उलटू शकतो, कधी अंगभर.

मी डॉक्टर नाही, डोस वगैरे मला विचारू नका.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. ताणाने सोरायसिस भडकतो, हे डॉक्टरही मानतात. माझे पहिले चट्टे वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आले. त्या महिन्यांत ताई आणि मी आळीपाळीने त्यांच्या उशाशी जागत होतो आणि ती ते तेव्हापासून सांगत आलीय. तेव्हा भावाची झोप, व्यायाम, वजन याकडे बघाच, पण औषधं सुरू ठेवून. ताईचं एवढं बरोबर होतं हे कबूल करायला मला 13 वर्षं लागली, आणि तेही जिथे ती कधी फिरकत नाही अशा ठिकाणी.

आयुष्यभर औषधांचं राहिलंच. रोग मुळासकट जात नाही, पण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं झोपून राहतो. मला सध्या कोपरावर रुपयाएवढा एकच चट्टा आहे, आणि या उन्हाळ्यात मी अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातले.