पोर्ट्रेटच्या मागे लावायचं तरी काय?

प्रश्न : वर्षभर झालं स्क्रोल सॉवर (बारीक पात्याची, नक्षी कापायची मशीनची करवत) काम करतोय, 3 मिमी प्लायवूडमध्ये चेहरे कापतो, सहा-सात झालेत आत्तापर्यंत. मागे काळं मखमल लावा असं सगळे सांगतात, पण दर वेळी मखमल आणायचं म्हणजे लाकडापेक्षा पाठच महाग पडायला लागलीय. घरात जुने पुठ्ठे आहेत, फुटलेल्या फोटोफ्रेमच्या मागचे हार्डबोर्ड आहेत, काळे जुने कपडे आहेत. यातलं काय चालेल? आणि एक चेहरा अक्रोडाच्या गडद लाकडात कापलाय, त्याला पांढरं बॅकिंग उठून दिसेल ना?

उत्तर : शेवटून सुरू करतो, कारण तिथे घाई केलीत तर केलेलं काम वाया जाईल. पांढरं नका लावू. उठून दिसेल हो, पण चेहरा दिसणार नाही. पोर्ट्रेटच्या पॅटर्नमध्ये आपण कापून काढतो ती सावली असते, म्हणजे डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालचा भाग, केस, हनुवटीखालचा अंधार. आणि लाकूड उरतं तो उजेड. आता भोकांमागे पांढरं आलं की सावलीच्या जागी उजेड आणि गालाच्या जागी अंधार, अगदी जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हसारखं, माणूस ओळखूच येत नाही. घरातल्यांना दाखवलं की सगळे "छान आहे, कोण आहे?" असं विचारतात. पक्षी, नक्षी, अक्षरं असली तर गडद लाकडामागे फिकं बॅकिंग मस्त दिसतं, चेहऱ्याला मात्र पाठ लाकडापेक्षा गडदच हवी. अक्रोडामागे काळंच लावा, फरक कमी दिसेल, पण चेहरा सरळ तरी दिसेल. पुढच्या वेळी चेहऱ्यासाठी बर्चसारखं फिकं लाकूड घ्या म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

आता स्वस्तातलं. तुमच्याकडे फ्रेमच्या मागचे हार्डबोर्ड पडलेत म्हणताय, मग बाकी कशाला शोधताय? हार्डबोर्डची गुळगुळीत बाजू हलकी घोटायची, धूळ पुसायची आणि मॅट काळा रंग पातळ हाताने दोनदा द्यायचा. पहिला हात बोर्ड पिऊन टाकतो, तो ठिपकेदार दिसला म्हणून घाबरू नका. रंग मॅटच हवा, यात तडजोड नाही. चकचकीत काळ्यावर खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड पडला की तो काळा राहत नाही, राखाडी होतो आणि समोरून डोळ्याच्या बाहुलीत ट्यूबलाइट दिसते. फळ्याला देतात तो काळा रंग असेल तर उत्तमच. बोर्डच्या मागच्या बाजूलाही एक हात द्या, एकाच बाजूला रंग दिला तर पातळ बोर्ड वाकतो. मोठ्या पोर्ट्रेटला वजन जरा वाढतं, तेवढाच तोटा.

पुठ्ठ्याचं म्हणाल तर पन्हाळी खोक्याचा पुठ्ठा नको, त्याच्या रेघा रंगातूनही दिसतात आणि दमट हवेत तो मऊ पडतो. साधा सपाट जाड पुठ्ठा रंगवून चालतो. त्याहून चांगली युक्ती म्हणजे फोटो फ्रेम करणाऱ्याकडे जाऊन माउंट बोर्डचे तुकडे मागायचे. फोटोभोवती ती जाड कागदाची चौकट असते ना, तिची खिडकी कापली की मधला चौकोन उरतो, त्याच्यासाठी तो बहुतेक वेळा कचराच असतो. काळा मिळाला तर रंगवायचंही काम नाही. एवढं चांगलं मटेरियल लोक फेकून देतात याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

काळा चार्ट पेपर सगळ्यात स्वस्त आणि मी त्याच्या सगळ्यात विरोधात. सुरुवातीला सुंदर दिसतो, पण त्यातला स्वस्त रंग उन्हाने उडतो. माझं एक पोर्ट्रेट खिडकीसमोर लावलं होतं, काही महिन्यांत काळ्याचं विटकं तपकिरी झालं आणि चेहरा आजारी माणसासारखा दिसायला लागला. बरं, चिकटवलेलं असल्यामुळे बदलताही येईना. सराव म्हणून किंवा आधी कसं दिसेल हे बघायला चार्ट पेपर ठीक, कायमचा नको.

जुने कपडे चालतात पण बघून घ्या. टीशर्टचं विणलेलं कापड ताणतं, त्याला मागच्या पुठ्ठ्यावर नीट बसवेपर्यंत जीव जातो. घट्ट विणीचं, चमक नसलेलं सुती कापड बरं. आणि धुऊन धुऊन फिकं झालेलं काळं घेऊ नका, घरात नुसतं बघून ते काळंच वाटतं, लाकडाखाली ठेवलं की कळतं.

चिकटवायच्या आधी एक करा. चार-पाच प्रकारचे तुकडे नुसते मागे धरून पोर्ट्रेट भिंतीला टेकवा आणि सात-आठ फूट लांब जाऊन बघा, दिवसा एकदा आणि रात्री दिव्यात एकदा. टेबलावर वाकून बघितलेलं काही खरं नसतं, पोर्ट्रेट लांबूनच जुळून येतं.

प्रश्न : मी काळं फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड, मऊ कापड) वापरते, स्प्रे ग्लूने चिकटवते. थोड्या दिवसांनी भोकांमधलं फेल्ट पांढुरकं दिसायला लागतं, ब्रश मारला तरी जात नाही. फेल्ट खराब आहे का?

उत्तर : फेल्टची चूक नाहीये, ग्लू कुठे मारला त्याची आहे. तुम्ही फेल्टवर स्प्रे करत असणार. मग जिथे लाकूड टेकतं तिथे ते चिकटतं, पण भोकांमध्ये उघडं राहिलेलं फेल्टही चिकटच राहतं आणि हवेतली धूळ, भुसा सगळं धरून ठेवतं. मीही हेच केलं होतं, मोठ्या काळ्या मिशा कापल्या होत्या आणि दोन महिन्यांत त्या पिकल्या! स्प्रे नेहमी लाकडाच्या मागच्या बाजूला मारायचा, हलका, लांबून, आणि हाताला ओला न वाटता चिकट लागला की मग फेल्टवर टेकवायचं. त्याआधी मागची कुसळं पॉलिश पेपरने काढून टाका, विशेषतः स्पायरल पातं (पिळाचं, सगळ्या बाजूंनी दात असलेलं) वापरत असाल तर, कारण ती राहिली तर लाकूड फेल्टवर सपाट बसतच नाही. आणि वॉर्निश किंवा तेल आधी, बॅकिंग नंतर. तेल पूर्ण सुकू द्या, ओल्या तेलावर ग्लू धरत नाही आणि फेल्ट तेल पिऊन डागळतं. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, पसरून वाळवा.

आत्ता पांढुरकं झालेलं फेल्ट जमलं तर सोलून बदला, नाहीतर भोकांमध्ये बारीक ब्रशने मॅट काळा रंग भरा, वेळखाऊ आहे पण होतं.

प्रश्न : पांढऱ्या ग्लूने पुठ्ठा चिकटवला आणि सकाळी पोर्ट्रेट पापडासारखं वाकलं. सरळ करता येईल का?

उत्तर : पूर्ण सरळ होईल असं सांगत नाही. पांढऱ्या ग्लूमध्ये पाणी असतं, ते लाकूड आणि पुठ्ठा दोघेही पितात, फुगतात आणि सुकताना वेगवेगळे आकसतात, म्हणून वाकतं. सपाट फळीवर ठेवून वर जड वजन द्या आणि दोन दिवस हात लावू नका, थोडं तरी बसेल. पुढच्या वेळी सगळ्या पाठीवर ग्लू फासू नका. कडेने पातळ रेघ, आणि बटा, पापण्या, मिशीचे टोक असे जे नाजूक भाग उचलले जातात तिथे टूथपिकने एकेक थेंब, बस. थेंब छोटाच घ्या, दाबल्यावर कडेतून बाहेर आला की सुकल्यावर चमकतो. चिकटवल्या चिकटवल्या लगेच वजनाखाली ठेवायचं. आणि फ्रेममध्ये बसवणारच असाल तर बॅकिंग चिकटवूच नका, फ्रेमच दोन्ही घट्ट धरते, कंटाळा आला तर उद्या पाठ बदलता येते.