ड्रग्स की ड्रग्ज?

एका वाचकाचा प्रश्न आहे: बातम्यांत कुठे 'ड्रग्स' छापतात, कुठे 'ड्रग्ज'. चिप्स म्हणताना आपण स म्हणतो, शूज म्हणताना ज. इंग्रजीत शेवटी एकच एस, मग स कुठे आणि ज कुठे, हे ठरवतं कोण?

ठरवतो तो एसच्या आधीचा वर्ण. कागदावरचा नव्हे, तोंडातला. दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवून लांब 'सस्सस' म्हणा. बोटांना काही जाणवणार नाही. आता जीभ तिथेच ठेवून माशी घोंघावल्यासारखा आवाज काढा, घाटी थरथरेल. जिभेचं काम दोन्ही वेळा तेच, फरक एवढ्या थरथरीचा. शाळेत आपण यांनाच कठोर आणि मृदू वर्ण म्हणून पाठ केलं: क, च, ट, त, प कठोर, ग, ज, ड, द, ब मृदू. स्वर आणि न, म, र, ल हेही थरथरणारेच.

चिप्समध्ये प कठोर, म्हणून स. ड्रग्जमध्ये ग मृदू, शूजमध्ये तर स्वरच, म्हणून ज. हा ज 'आज'मधला, 'जय'मधला नव्हे. तोही अगदी जुळत नाही, कारण आपल्या जच्या सुरुवातीला 'द्'चा हलका स्पर्श असतो, पण भागतं. तेव्हा उच्चाराप्रमाणे लिहायचं तर ड्रग्ज बरोबर. त्या न्यायाने जीन्स, टाइम्स, फ्रेंड्स यांनाही ज हवा होता. बसेसचं तर 'बसिज' व्हायला हवं. पण हे शब्द आता आपले झाले, त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

खरी गंमत पुढे आहे. आपल्या संधीत नंतरचा वर्ण आधीच्याला बदलतो. जगत् + ईश, पुढे स्वर दिसताच 'त्'चा 'द्' झाला, जगदीश. 'हातगाडी' भरभर म्हणून पाहा, 'हाद्गाडी' ऐकू येईल. इंग्रजीचे हे प्रत्यय नेमके उलटे वागतात, आधीचा वर्ण जागचा हलत नाही, प्रत्ययच त्याच्याशी जुळवून घेतो. आपण सवयीने आपलाच नियम लावतो आणि फसतो. ड्रग्समधला स धरून ठेवला की बोलण्याच्या ओघात गचा क होतो, 'ड्रक्स'.

भूतकाळ दाखवणाऱ्या ईडी (-ed) या प्रत्ययाचंही तेच. वॉकच्या शेवटी क, म्हणून 'वॉक्ट'. बेगच्या शेवटी ग, म्हणून 'बेग्ड'. ट किंवा ड आधीच असेल तर मध्ये स्वर घालावा लागतो, 'वाँटिड'. माझी भाची धडा वाचताना हसल्याचं 'लाफ्ड' म्हणाली. पुढच्या डने फला ओढून व्ह केलं आणि मला ऐकू आलं 'लव्ह्ड'. हसण्याचं थेट प्रेमच झालं! 'लाफ्ट' म्हण, एवढं सांगितल्यावर गाडी रुळावर आली.

पूर्वी हा ईडीतला स्वर सगळीकडे म्हणत असत. तो गिळून टाकायची पद्धत वाढली तेव्हा 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'च्या लेखकाने, जोनाथन स्विफ्टने, 1712 साली इंग्रजी सुधारण्याच्या आपल्या प्रस्तावात त्यावर तोंडसुख घेतलं होतं. कोणी ऐकलं नाही. जुन्या उच्चाराचे अवशेष काही विशेषणांत उरलेत: नेकिड, विकिड. शिकलो या अर्थी 'लर्न्ड', पण विद्वान माणूस 'लर्निड'.

आणि इंग्रजी आपल्यासारखी संधी करतच नाही असंही नाही. 'हॅव टु' बोलताना 'हॅफ टु' होतं, पुढच्या टमुळे.

शेवटचं, आणि हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. इंग्रज माणूस शब्दाच्या अखेरचा ज पुरता थरथरवतोच असं नाही, बऱ्याचदा तो सकडे झुकलेला असतो. मग 'आइस' आणि 'आइज' यांतला फरक कळतो कसा? स्वराच्या लांबीवरून. कठोर वर्णाआधी स्वर आखूड, मृदू वर्णाआधी लांब. बॅक आखूड, बॅग ऐसपैस. आपलं लक्ष सगळं शेवटच्या व्यंजनावर असतं, त्याचं स्वरावर. तेव्हा डोळे म्हणायचे असतील तर 'आइ' चांगला ताणा. ज पुसट झाला तरी चालेल, पण स्वर आखडला तर समोरचा बर्फ आणून ठेवेल.