नागरिकत्वाच्या अर्जासाठी जुन्या प्रवासांच्या तारखा कशा जुळवाव्यात

आपण लिहिले आहे, की गेल्या पाच वर्षांत आपण पंधरा-सोळा वेळा देशाबाहेर जाऊन आलात, त्यातील पहिल्या दोन वर्षांचा पासपोर्ट हरवला आहे, नव्या पासपोर्टवरचे निम्मे शिक्के वाचता येत नाहीत आणि अर्जात मात्र प्रत्येक वेळी गेल्याची व परतल्याची तारीख मागितली आहे. हे काम मी आधी स्वतःच्या आणि नंतर घरातल्या दोघांच्या अर्जांसाठी केले आहे. ते कंटाळवाणे आहे, पण बहुतेक तारखा सापडतात.

तारखा शोधण्यापूर्वी ज्या देशाचे नागरिकत्व मागत आहात, त्याचा नियम एकदा नीट वाचावा, कारण कोणती तारीख किती अचूक हवी हे त्यावरून ठरते. कॅनडात अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष देशात असावे लागते. अमेरिकेत सर्वसाधारण अर्जदाराला पाच वर्षांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष वास्तव्य दाखवावे लागते आणि सहा महिन्यांहून लांबलेल्या एकाच प्रवासावरही प्रश्न विचारले जातात. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मार्गाने पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त अनुपस्थिती सहसा चालत नाही. शिवाय त्या पाच वर्षांच्या पहिल्या दिवशी आपण देशात असणे अपेक्षित असते, त्यामुळे नेमकी त्याच सुमाराची एखादी तारीख चुकली तर ती महागात पडते. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणी निघण्याचा आणि परतण्याचा दिवस देशात असल्याचाच धरतात. आपली बेरीज मर्यादेपासून बरीच दूर असेल, तर एका दिवसाच्या फरकाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

यादी करताना मी प्रत्येक प्रवासाची एक ओळ करत नाही. सीमा ओलांडल्याच्या प्रत्येक वेळेची स्वतंत्र ओळ करतो. तारीख, गेलो की आलो, कोठून, आणि ही तारीख कशावरून घेतली, एवढे चार रकाने पुरतात. सगळ्या ओळी तारखेप्रमाणे लावल्या, की ‘गेलो’ आणि ‘आलो’ आळीपाळीने यायला हवेत. लागोपाठ दोनदा ‘गेलो’ आले, तर मधले एक परतणे निसटले आहे हे तेथेच कळते. परदेशातून पुढे तिसऱ्या देशात जाऊन आला असाल, तर त्या मधल्या शिक्क्यांची येथे गरज नाही. त्या देशाचे नाव मात्र प्रवासाच्या ठिकाणांत लिहावे.

शिक्के विश्वासार्ह असले तरी त्यांचे दोन घोळ आहेत. एक म्हणजे ते नेहमी उमटतातच असे नाही. अनेक विमानतळांवर स्वयंचलित फाटकातून गेल्यास शिक्का मिळत नाही आणि अमेरिकेतून बाहेर पडताना तो मुळातच मारला जात नाही. दुसरा घोळ मध्यरात्रीचा. विमान रात्री दीड वाजता सुटणार असेल, तर आपण पासपोर्ट तपासणीतून अकराच्या सुमारास पार होतो आणि शिक्क्यावर आदल्या दिवसाची तारीख पडते. उलट दिशेने, आपण रविवारी रात्री निघालो आणि वाटेत विमान बदलले, तर समोरच्या देशाचा शिक्का मंगळवारचा असू शकतो. त्या शिक्क्यावरून ‘मंगळवारी देश सोडला’ असे लिहिणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. आपल्याला हवी आहे ती ज्या देशाचे नागरिकत्व मागत आहोत, त्याची सीमा ओलांडल्याची तारीख.

हरवलेल्या पासपोर्टच्या काळासाठी ई-मेलपासून सुरुवात करावी. ‘बोर्डिंग पास’, ‘ई-तिकीट’ आणि विमान कंपन्यांची नावे टाकून शोधावे, पण आरक्षणाची पावती हा प्रवासाचा पुरावा मानू नये. तिकिटावरून जायचे ठरले होते एवढेच कळते. मी स्वतः एक परतीची तारीख अशाच पावतीवरून भरली होती. ते तिकीट नंतर तीन दिवस पुढे ढकलले होते, हे मला त्या दिवसाच्या फोटोंत अजून समुद्रकिनारा दिसला तेव्हा आठवले. म्हणून बोर्डिंग पास, विमान कंपनीच्या सदस्य खात्यात जमा झालेले मैल, कार्डाच्या विवरणातला विमानतळावरचा खर्च, मोबाइल कंपनीचा रोमिंगचा संदेश आणि कार्यालयातील रजेची नोंद यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय मी तारीख पक्की धरत नाही. कार्डाच्या विवरणात खर्च झाल्याची तारीख पाहावी, तो खात्यावर चढल्याची नव्हे. गुगल मॅप्सची टाइमलाइन आता फोनवरच साठवली जाते, त्यामुळे फोन बदलताना ती सोबत घेतली नसेल तर तिच्यावर विसंबू नये.

सरकारकडे असलेली आपली प्रवेश-निर्गमनाची नोंदही मागवता येते. कॅनडा, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तशी सोय आहे. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून या नोंदीसाठीचा अर्ज आजच करावा, पण स्वतःची यादी करणे थांबवू नये. सरकारी नोंदीतही गाळलेल्या फेऱ्या असतात, विशेषतः रस्त्याने सीमा ओलांडली असेल तेव्हा, आणि आपली यादी आधी तयार असेल तरच त्या लक्षात येतात. दोहोंत फरक निघाला तर सरकारी तारीख निमूटपणे उतरवून घेऊ नये. आपल्याकडे बोर्डिंग पास असेल तर आपली तारीख लिहून त्याची प्रत जोडावी.

एवढे करूनही एक-दोन तारखा अंदाजेच राहतील. तेथे अंदाज असल्याचे स्पष्ट लिहावे आणि पासपोर्ट हरवल्याचा उल्लेख करून, ती तारीख कशावरून काढली हे सांगणारे छोटे पत्र सोबत द्यावे. अडचणीची वाटणारी फेरी गाळून टाकणे हा मात्र पर्याय नाही; राहून गेलेली तारीख समजावून सांगता येते, लपवलेली फेरी सांगता येत नाही. यादीची फाइल अर्ज पाठवल्यावरही चालू ठेवावी, कारण मुलाखतीपर्यंत केलेले नवे प्रवासही विचारले जाऊ शकतात, आणि त्या वेळी पुन्हा फोटो चाळत बसावे लागू नये.