सीएनजी गाडी घेतली की प्रदूषण खरंच थांबतं का?

थांबत नाही, कमी होतं. पण कुठलं प्रदूषण, यावरच सगळी वादावादी अडते.

सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन. त्याच्या रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. म्हणून तेवढीच ऊर्जा मिळवताना पेट्रोलपेक्षा सुमारे २० टक्के आणि डिझेलपेक्षा सुमारे २५ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. काजळी तर जवळजवळ नाहीच. फुप्फुसांचा विचार केला तर जुन्या डिझेल इंजिनापेक्षा सीएनजी सरळसरळ सरस. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र होतातच, कारण ती इंधनातून येत नाहीत, इंजिनात तापलेल्या हवेतल्या नायट्रोजनपासून बनतात.

खरी गोम आहे गळतीत. न जळता निसटलेला मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत १०० वर्षांच्या हिशेबात जवळपास २८ पट तापमानवाढ करतो. २० वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींच्या आसपास! विहिरीपासून गाडीच्या टाकीपर्यंत थोडा वायू जरी निसटला, तरी वरची ती २०-२५ टक्क्यांची बचत भराभर आटते. 'स्वच्छ इंधन' म्हणणारा धुराबद्दल बोलत असतो, 'थोतांड' म्हणणारा हवामानबदलाबद्दल. मग भांडण मिटणार कसं?

शिवाय टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ इंधन बदलून जात नाही, हे दोघंही विसरतात.

डिझेल की सीएनजी एवढंच विचाराल तर मी सीएनजी घेईन, आणि टाकी-नळ्यांची तपासणी वेळच्या वेळी करून घेईन.